काटा शून्यावर

९ जानेवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी तुझी अट. "बाबांबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता फाडीन," असं लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात तू बजावलं होतंस. सात वर्षं मी ती पाळत आलेय आणि आजही पाळणार आहे. फोनवर तू मध्येच "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला ती सोय नाही, म्हणून पत्र.

बाळाचा फोटो पोचला. नाक आपल्याकडचं आहे, तुझ्या सासरच्यांनी कितीही दावा सांगितला तरी. मार्चमध्ये चार दिवस येशील, "फक्त तुझ्याकडे", असं लिहून तू खाली दोन रेघा ओढल्यास. रेघा दिसल्या गं बाई. ते पत्र मी मोठ्याने वाचत होते तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात आणखी कोण बसलं होतं, हे मी सांगणार नाही. अट आहे.

तू विचारलंस, मी दिवसभर नेमकं करते काय. लोकांचे बेडके तपासते. नाक मुरडू नकोस, तुझ्या बहिणीचं पोट त्याच्यावर चालतं. आमच्याकडे एक यंत्र आहे, कपड्यांच्या ट्रंकेएवढं. त्याला आम्ही 'मावशी' म्हणतो, कारण तिच्यापासून काही लपत नाही. क्षयाच्या जंतूच्या पोटात त्याची ओळख लिहिलेली असते. मावशी जंतू फोडते, ती ओळख हुडकते आणि सापडली की तिच्या प्रती काढत सुटते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, करत करत इतक्या की शेवटी त्यांचा उजेड पडतो आणि तो तिला दिसतो. पूर्वी ज्याला आठवडेच्या आठवडे लागायचे ते चहाच्या दोन सुट्ट्यांच्या मधे होतं. चार वर्षं झाली मला इथे, पण पडद्यावर ती रेघ वर चढायला लागली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. माणसाच्या छातीच्या आत काय चाललंय ते त्याच्या बायकोला माहीत नसतं, त्याला स्वतःला माहीत नसतं, आणि इथे खोलीच्या कोपऱ्यात ते लिहून येतं.

काल एक पेशंट आले. वय सत्तरीकडे झुकलेलं, स्वभाव हट्टी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. साधा खोकला, आठवड्याभराचा. मी म्हटलं, "याला टीबीची तपासणी कशाला? गरम पाणी प्या, बरं वाटेल." तर म्हणाले, "नाही. तीच कर. आजच कर." अशी मागणी करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. लोक आमच्या दारात येताना पाय ओढत येतात.

डबी हातात दिली. पेशंटनी अत्यंत सभ्यपणे चमचाभर थुंकी आणून दिली.

"ही नुसती लाळ आहे," मी म्हटलं.

"मग काय हवं?"

"छातीतलं. खोल श्वास घ्या आणि आतून काढा."

"एवढ्या लोकांसमोर?"

आमच्या कामाची निम्मी रड हीच आहे. यंत्र लाखमोलाचं, पण त्याच्या तोंडात काय पडतं ते शेवटी माणसाच्या भिडेवर. त्यांना मागच्या अंगणातल्या मोकळ्या शेडमध्ये पाठवलं, तेव्हा कुठे काम झालं. पेशंट तुझ्या ओळखीचे नाहीत. निदान तू ओळख दाखवत नाहीस.

तुझी,
धाकटी

१३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत हे दुसरं. राहवत नाही.

घरच्या माणसाचा, चुकले, ओळखीच्या माणसाचा नमुना आपण स्वतः लावायचा नाही अशी आमच्याकडे शिस्त आहे. म्हणून तो हेडमास्तरांनी लावला. हेडमास्तर म्हणजे आमचे सिनिअर. ते कुणाला ओरडत नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतात, आणि आपल्याला आपली चूक आपोआप आठवते.

पहिल्यांदा मावशी काही बोललीच नाही. नमुना फार चिकट असला किंवा त्यात रक्ताचा अंश असला की तिचं तसं होतं, घसा धरल्यासारखं. दुसऱ्या डबीतला नमुना लावला. बराच वेळ पडद्यावरची रेघ जमिनीला चिकटून होती. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि अगदी शेवटी शेवटी ती उठली. निकाल आला: आहे, पण अत्यल्प.

अत्यल्प म्हणजे जंतूची ओळख सापडली, पण इतकी पुसट की त्याला कोणतं औषध लागू पडेल हेसुद्धा तिच्यावरून वाचता येत नाही. लगेच मनात आलं, हे त्यांचं नसेलच. आमच्याच टेबलावर कालच्या कुणाचं तरी सांडलं असेल, माझ्याच हातमोज्याला लागलं असेल. मावशी इतकी तिखट कानाची आहे की आमच्या हलगर्जीपणालाही ती आजार म्हणून नोंदवू शकते. टेबल दोनदा पुसलं. मग नुसतं शुद्ध पाणी तिला तपासायला दिलं. पाणी पाणीच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटकडून नवा नमुना घेतला. पुन्हा तेच. आहे, अत्यल्प.

आता ऐक, यातलं मला सगळ्यात थक्क करणारं. मावशीला जंतूची ओळख वाचता येते, पण तो जिवंत आहे की मेलेला, हे कळत नाही. जंतू मेल्यावरही त्याची ओळख मागे उरते. शिकताना हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण परवा त्या पडद्यासमोर उभं राहून पहिल्यांदा ते खरंच समजलं. आपण एखाद्या बंद घराच्या दारातून हाक मारतोय, आतून 'ओ' येतेय, आणि आत माणूस आहे की नुसता त्याचा आवाज राहिलाय, हे सांगणारं कुणी नाही.

छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी कधी टीबीचं औषध घेतलं असेल तर हे जुन्या मेलेल्या जंतूंचं असू शकतं. नसेल घेतलं, तर उद्यापासून सहा महिने गोळ्या. काय म्हणतात ते?"

मी पेशंटना पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते "नाही" म्हणाले होते. आज पुन्हा विचारलं. पुन्हा कॅलेंडरकडेच बघितलं. ताई, ज्या माणसाने जन्मभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले, त्याला खोटं बोलताना नजर कुठे ठेवायची एवढंही जमू नये?

बघ, लिहून गेले. वजनकाटे दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ असतात.

उद्या एक्स-रे. नमुन्याचा एक भाग बाटलीत घालून उबेच्या पेटीत ठेवलाय. जंतू जिवंत असेल तर तिथे वाढेल, मेलेला असेल तर वाढणार नाही. पण हा जंतू भयंकर आळशी. सहा आठवडे धीर धरावा लागतो.

धाकटी

२२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र काल आलं. बाळाच्या झोपेबद्दल तीन पानं, आणि अगदी तळाशी एकच ओळ: "तुझ्या त्या पेशंटला म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या, हट्ट करू नका." ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू चिडवशील.

आता पेशंट पुरे. बाबा. लिहिलं एकदाचं. फाडायचं असेल तर फाड, पण हे पान संपल्यावर. मला ते लिहायची परवानगी आहे. तुझी नाही, त्यांची.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या बाजूला वरती, हरभऱ्याएवढा, पांढरा शुभ्र ठिपका.

"काका, ही चुन्याची गाठ आहे. हे कालपरवाचं नाही. कधी झालं होतं?"

बाबांनी वरच्या बटणाला हात लावला. ते आधीच लावलेलं होतं. मग म्हणाले, "सात वर्षं झाली."

ताई, सात वर्षं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. दूरच्या कारखान्यात काट्यांचं मोठं कंत्राट मिळालंय, मधे सोडून येता येत नाही, असं कळवून बाप पोटच्या पोरीच्या लग्नाला आला नाही, ते हे सात वर्षांपूर्वीचं. कारखाना नव्हता. कंत्राट नव्हतं. शहराबाहेरच्या छातीच्या इस्पितळात खिडकीजवळची खाट होती. मी तेव्हा परगावी हॉस्टेलवर होते, तू लग्नाच्या गडबडीत होतीस, आणि आई तर कधीच गेलेली. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

बाहेरच्या बाकावर बसून मी त्यांना विचारलं. मला रागही आला होता आणि रडूही.

"खरं का नाही सांगितलंत?"

"डॉक्टर म्हणाले होते, अजून महिनाभर माणसांत जाऊ नका. त्या हॉलमध्ये चारशे माणसं. आणि पहिली ती गळ्यात पडली असती."

"मग तसं कळवायचं."

"कळवलं असतं तर तिने लग्न पुढे ढकललं असतं. आणि तिकडच्यांनी ते कायमचंच ढकललं असतं. क्षयवाल्याच्या घरची म्हणून. मी म्हटलं, रागावू दे. रागावलेली मुलगी लग्न करते. घाबरलेली मुलगी बापाच्या उशाशी बसून राहते."

"आणि बरं झाल्यावर?"

ते बाकाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "आधी लाज वाटत होती. मग तिने तो तराजू परत पाठवला. मग सवयच झाली."

तो पितळी तराजू, ताई. तळहातावर मावेल एवढा, लग्नात आहेर म्हणून पोस्टाने आलेला. तुझी निवड त्यांना पसंत नव्हती हे आपण धरूनच चाललो होतो, त्यामुळे तू म्हणालीस, "बघ, टोमणा मारलाय. नवरा तोलून घे म्हणतायत." आणि मीही मान डोलावली होती. तो त्यांनी इस्पितळात बसून घडवला होता. त्यांच्या हाताला तेवढंच काम होतं. पारडी उकळून काढली, स्पिरिटने पुसली, आणि ज्या वॉर्डबॉयच्या हाती पोस्टात दिली त्याला आधी हात धुवायला लावले. तुझ्या घरात त्यांच्या श्वासाचासुद्धा अंश जाऊ नये म्हणून.

आणि आठवतं का, त्याच सुमारास आपल्या दोघींना छातीचे फोटो काढायला लावले होते? "विम्यासाठी हवेत." मी हॉस्टेलजवळ काढला, तू लग्नाच्या तोंडावर कटकट करत काढलास. आपला कुणाचा कधी विमा होता गं?

त्या दिवसापासून मी भारल्यासारखी वावरतेय. मला रडू येतं आणि त्याच वेळी हात जोडावेसे वाटतात, नेमके कुणाला ते कळत नाही. ज्या माणसाने सात वर्षं ओठ मिटून ठेवले, त्याच्या छातीतल्या मेलेल्या जंतूंनी तोंड उघडलं. मला ते ऐकू यावं म्हणून कुणीतरी कुठेतरी हे यंत्र बांधलं आणि नेमकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. एवढ्या थोर गोष्टीच्या शेजारी मी रोज डबा खाल्ला, याची मला आता लाज वाटते.

पण सावध. ते मेलेलेच आहेत, हे अजून ठरलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, इतक्या वर्षांनी नुसत्या सांगाड्याची ओळख उरणं क्वचितच होतं, तरी होतं. जुनी गाठ झिजते, त्यातलं काहीबाही खोकल्याबरोबर वर येतं. पण आजार परत जागा झाला असला तरी सुरुवातीला तो असाच, अगदी थोडाच दिसतो. मेलेल्यांसाठी सहा महिने गोळ्या दिल्या तर या वयात यकृताला त्रास. जिवंतांना मोकळं सोडलं तर त्याहून वाईट. म्हणून बाटलीचा निकाल लागेपर्यंत गोळ्या नाहीत, दर आठवड्याला तपासणी, आणि तोंडावर मास्क.

ते तपासणीला का आले, हे मी सर्वांत शेवटी विचारलं. तुझं दोन रेघांचं पत्र मी वाचत होते तेव्हा ते माझ्याकडे चहा पीत होते. म्हणाले, "ती माझ्याशी बोलणार नाही, ते ठाऊक आहे. पण चुकून रस्त्यात गाठ पडली, आणि चुकून कुणी बाळ माझ्या हातात दिलं, तर? खात्री नको?"

मी म्हटलं, हे सगळं ताईला लिहू? ते उठले, चार पावलं गेले, आणि मागे न बघता म्हणाले, "लिही."

धाकटी

१० फेब्रुवारी

ताई,

पत्र नाही. फोन लागतो आणि तू उचलत नाहीस. पान फाडलंस की उशीखाली ठेवलंस, काहीच कळायला मार्ग नाही.

माझी अवस्था मोठी विचित्र झालीय. एकाच वेळी मी दोघींच्या गप्प बसण्याकडे डोळे लावून आहे. बाटलीने गप्पच राहावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय, आणि तू बोलावंस म्हणूनही. आतापर्यंत दोघी गप्प आहात. एकीचे आभार मानते, दुसरीला शिव्या घालते.

सकाळी कोट चढवला की मी आधी उबेच्या पेटीकडे जाते. हेडमास्तर चष्म्यावरून बघतात. काल म्हणाले, "बाटलीकडे टक लावून बघितल्याने जंतू लाजत नाहीत." चार वर्षांतला त्यांचा हा पहिला विनोद. मग हळूच म्हणाले, "मीही बघितली. स्वच्छ आहे."

बाबांचा खोकला थांबलाय. आठवड्याला स्वतःला तोलतात, स्वतःच्याच काट्यावर. दवाखान्यातल्या काट्याला ते "अंदाजपंचे" म्हणतात, नर्सच्या तोंडावर. वजन थोडं वाढलंय. तरी मास्क काढत नाहीत, आणि मी गेले की स्वतः खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. मी त्यांना मावशीची गोष्ट सांगितली, की ती इतकी नाजूक आहे की मेलेल्यालाही जिवंत समजते. त्यांना ती फारच आवडली. म्हणाले, "आमच्यातही असतं. फार नाजूक काट्याचं पारडं रिकामं असलं तरी तो थरथरतो. आपण शेजारी उभे असतो ना, आपला श्वास लागतो त्याला."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? श्वास धरून उभं राहायचं. स्थिर होईपर्यंत."

आम्ही दोघं तसेच उभे आहोत, ताई. मार्च जवळ आलाय.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही एकाच दिवशी यावं, असं मी कथेत वाचलं असतं तर हसले असते.

सकाळी हेडमास्तरांनी मला बोलावलं, बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "सहा आठवडे पूर्ण. काही उगवलेलं नाही." दुसऱ्या नमुन्याची बाटलीही तशीच. डॉक्टरबाईंनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरला. ठिपका तिथेच, तेवढाच. म्हणाल्या, मेलेलेच होते. गोळ्या नकोत, मास्क नको, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.

मी ती बाटली हातात घेतली. नुसतं पिवळसर पाणी, आरपार दिसणारं. आयुष्यात एवढी सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही, बाळाचा फोटो धरूनसुद्धा. माफ कर.

घरी आले तर दारात तुझं पत्र. चार ओळींचं. माझ्याबद्दल काही नाही, रागाबद्दल नाही, त्या सात वर्षांबद्दल नाही. "बाळाचं वजन इथल्या दवाखान्यात एक सांगतात आणि औषधाच्या दुकानातल्या काट्यावर दुसरंच भरतं. त्यांना विचार, कोणतं खरं धरू." आणि 'त्यांना' या शब्दाखाली रेघ नाही. एकही नाही. मी पत्र उजेडात धरून बघितलं.

तशीच बाबांकडे गेले. आधी बाटलीचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, जसं गिऱ्हाइकाने काटा बरोबर चालतोय म्हटल्यावर हलवतात. मग तुझं पत्र दिलं. ते त्यांनी चष्मा पुसून वाचलं, पुन्हा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता रडतील. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हा काय प्रश्न झाला? इथे बसून मी कसं सांगणार? काटा बघायला हवा. बाळ बघायला हवं."

"मग काय कळवू?"

ते उठून आतल्या खोलीत गेले. खडखड आवाज आला. त्यांचा तो मोठा, जुना, पितळी पारड्याचा काटा आठवतो ना? पुसून लख्ख करून तो टेबलावर ठेवला. आईच्या पेटीतून एक दुपटं काढलं. तुझं की माझं ते त्यांनाही आठवेना. ते पारड्यात अंथरलं, कोपरे आत दुमडले. पारडं दुपट्याच्या भाराने खाली गेलं. मग दुसऱ्या पारड्यात एकेक बारीक वजन टाकत, श्वास धरून, त्यांनी दुपट्याचा भार फेडला, आणि काटा हळूहळू मधे येऊन उभा राहिला.

मास्क काढून त्यांनी खिशात ठेवला.

"तिला लिही," म्हणाले, "शून्यावर आणून ठेवलाय. आता कुणी हात लावायचा नाही."

मी तिथून निघाले तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली होती, वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून.

धाकटी